कपाळावरचा दहा हजारी सूर्य

सुरुवातीलाच एक कबुली. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी आमच्याकडे घरी आणि रिक्षावाल्या काकांशी बोलायची भाषा होती, लिहायची नव्हे. त्यामुळे हा लेख माझ्या रूममेटने तपासलाय. तरीही काही चुकलं असेल तर तिला पकडा. 'अंधार' आणि 'काळोख' यांत फरक काय, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "अंधार लाईट गेल्यावर होतो. काळोख आधीपासून असतो." ही व्याख्या मला एकदम पटली, कारण २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कळसूबाईच्या वाटेवर मी काळोख बघितलाय. त्या काळोखात आमच्यातल्या एकीचा पाय जबरदस्त मुरगळला, आणि त्याला बऱ्याच अंशी मी जबाबदार होते. म्हणून हा लेखप्रपंच.

झालं असं. मुलींच्या हॉस्टेलचा पहिला नाईट ट्रेक. रेक्टर मॅडमनी परवानगी दिली (दोन अर्ज, एक पालकांचं पत्र आणि भरपूर विनवण्या, यानंतर), पण एका अटीवर. प्रत्येकीकडे स्वतःचा टॉर्च हवा, मोबाईलचा लाईट चालणार नाही. सामान आणायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी इलेक्ट्रिकलची, आणि 'हिला लाईटमधलं कळतं' असा एक गोड गैरसमज. मी इंटरनेटवर बसून अर्ध्या तासात हेडलॅम्प शोधले. डोक्याला पट्टा, कपाळावर दिवा, मागे सेलची डबी. बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं : १०,००० लुमेन. किंमत ३९९ रुपये. बाजूला एका नावाजलेल्या कंपनीचा होता, ४०० लुमेनचा, साधारण साडेतीन पट किमतीला. मी हिशेब केला. एका रुपयात २५ लुमेन विरुद्ध एका रुपयात पाव लुमेनपेक्षा जरासं जास्त! इंजिनिअर असल्याचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता. बारा नग मागवले.

बारी गावातून रात्री अडीचला चढायला सुरुवात केली. आम्ही बारा जणी, जिमखान्याच्या मॅडम आणि गावातले वाटाड्या मामा. पहिला अर्धा तास काय विचारता! बारा दिवे, सगळी वाट पांढरीफेक. फोटो निघाले. "काय मस्त लाईट आणलेस गं," असं चार जणी म्हणाल्या. मामांच्या हातात एक छोटा पिवळट टॉर्च होता. तो ते गुडघ्याच्या उंचीवर धरून चालत होते. आम्हाला त्या टॉर्चची दया आली.

पहिली लोखंडी शिडी ओलांडली आणि धुकं उतरलं. ज्यांनी सप्टेंबरमधला सह्याद्री पाहिलाय त्यांना सांगायला नको. समोर एकदम पांढरी भिंत. दिवा जितका जोरात, तितकी भिंत जाड. पुढची मुलगी काही विचारायला मागे वळली की तिच्या कपाळावरचा दिवा थेट मागचीच्या डोळ्यांत, आणि मग पुढची पाच मिनिटं मागचीला फक्त हिरवे-जांभळे गोळे दिसायचे. दिवा कमी करायचा तर बटण एकच. एकदा दाबलं की जोरात, दुसऱ्यांदा थोडा कमी, तिसऱ्यांदा लुकलुक, चौथ्यांदा बंद. म्हणजे कमीवरून परत जोरात यायचं तर मध्ये लग्नाच्या वरातीसारखी लुकलुक आणि मग क्षणभर ठार काळोख. हे सगळं ओल्या दगडांवर.

तासाभराने दिवे मंद व्हायला लागले. एकेक नाही, सगळेच. एक तर बंदच पडला. आणि त्याच सुमारास आमच्या एका ज्युनिअरने सपाट वाटलेल्या जागी पाय टाकला. ती जागा सपाट नव्हती. दोन दगडांमधली घळ होती.

मामांनी आम्हाला बसवलं. म्हणाले, "पोरींनो, त्ये दिवे बंद करा आधी." आम्ही घाबरत बंद केले. पंधरा-वीस मिनिटांनी हळूहळू दगडांच्या कडा दिसायला लागल्या. धुक्यावर कुठेतरी चंद्र होता, तो इतका वेळ आमच्या दिव्यांपुढे आम्हाला कळलाच नव्हता. मॅडमनी क्रेप बँडेज बांधलं. उजाडेपर्यंत तिथेच बसून राहिलो आणि मग खाली उतरलो. महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखराच्या, १,६४६ मीटरच्या, वाटेवर आम्ही रात्र काढली आणि शिखर काही पाहिलं नाही. त्या ज्युनिअरच्या पायाला तीन आठवडे प्लास्टर होतं. ती मला अजून 'लाईटवाली ताई' म्हणते. हसून म्हणते, पण म्हणते.

आता ही जुनी गोष्ट आत्ता का उकरतेय? तर यंदा दिवाळीनंतरच्या ट्रेकसाठी जिमखान्याने सामायिक हेडलॅम्प घ्यायचं ठरवलंय. चांगली गोष्ट आहे. वीस नग, तीन कोटेशन्स, कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट, सगळं रीतसर. तो कागद मी पाहिला. त्यात स्पेसिफिकेशनच्या रकान्यात एकच ओळ आहे : 'कमीत कमी ५,००० लुमेन'. बाकी काही नाही. म्हणजे जो सगळ्यात कमी दरात सगळ्यात मोठा आकडा छापेल, त्याचा माल येणार. मी जे अर्ध्या तासात एकटीने केलं, तेच कॉलेज सही-शिक्क्यानिशी करणार. ते होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आधी त्या आकड्याचं बघू. हे गणित एफ.ई.च्या मुलांनाही जमेल, मला मात्र ते एस.ई.त असताना, पाय मोडल्यावर सुचलं. चांगला पांढरा एलईडी एका वॅटमध्ये साधारण १०० ते १५० लुमेन देतो. म्हणजे १०,००० लुमेन हवे तर ७० ते १०० वॅट लागणार. आपल्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमधली सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. तशा तीन-चार कपाळाला बांधायच्या! त्यातली निम्म्याहून जास्त वीज उष्णतेतच जाणार. खरंच १०,००० लुमेन निघाले असते तर ट्रेकला क्रेप बँडेजऐवजी बर्नॉल न्यावं लागलं असतं.

आणि वीज येणार कुठून? मागच्या डबीत एक १८६५० सेल होता. हा सेलचा नंबर म्हणजे मापच आहे, १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. चांगल्या, प्रामाणिक सेलमध्ये साधारण ३,५०० एमएएच मावतात. ३.६ व्होल्टने गुणलं तर साडेबारा वॉट-अवर. १०० वॅटने हा सेल साडेसात मिनिटं चालेल, तेही एवढा करंट त्याने दिला तर. आमच्या सेलवर काय छापलं होतं? ९,९०० एमएएच. एका सेलमध्ये तिघांची भाकरी. मी तो केमिस्ट्री लॅबच्या काट्यावर ठेवला. असा खरा सेल साधारण ४५ ग्रॅम भरतो. आमचा ३१ ग्रॅम भरला. मग रेझिस्टर लावून डिस्चार्ज करून पाहिला तर १,१०० एमएएचच्या आसपास निघाला.

मग म्हटलं, आता पूर्णच शोध लावू. इल्युमिनेशनच्या प्रॅक्टिकलला आपल्याकडे लक्समीटर आहे, तो सरांची सही घेऊन एका शनिवारी हॉस्टेलच्या ट्रंक रूममध्ये आणला. ट्रंक रूमला खिडकी नाही आणि छत पांढरं आहे, म्हणजे ती आपली फुकटची प्रयोगशाळा. दिवा छताकडे तोंड करून ठेवायचा आणि मीटर बाजूला असा ठेवायचा की थेट प्रकाश त्यावर पडणार नाही. छतावरून येणारा प्रकाश मोजायचा. तुलनेसाठी आधी ९ वॅटचा, ९०० लुमेन छापलेला साधा एलईडी बल्ब ठेवून रीडिंग घेतलं. सर म्हणाले, यात वीस-पंचवीस टक्के चूक धरा. धरली. तरीही दहा हजारवाला दिवा पूर्ण चार्ज करून अर्ध्या मिनिटानंतर ३१० लुमेनच्या आसपास आला. बॉक्सवरच्या आकड्याच्या तीन टक्के! दहा मिनिटांनी २४०. अर्ध्या तासाने १३०. तासाभराने ५०, आणि एक तास वीस मिनिटांनी काही न सांगता-सवरता बंद. हे आकडे पाहिले आणि मला शिडीच्या वरची ती जागा आठवली. आम्ही कुठे पोचलो असताना किती उजेड उरला होता, ते सगळं त्या वहीत होतं.

इथे मला एक कबूल केलं पाहिजे. ३१० लुमेन म्हणजे काही कमी नाहीत. नुसतं 'खोटं छापतात' म्हणून ओरडायला मी लेख लिहायला घेतला होता, पण ट्रंक रूममध्ये बसल्या बसल्या लक्षात आलं, की खरे १०,००० असते तरी त्या रात्री आमचा उपयोग झाला नसता. उलट धुक्यात जास्तच आंधळ्या झालो असतो.

कारण असं आहे. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. दिवा कपाळावर, म्हणजे डोळ्यांपासून चार बोटांवर. थेंबांवर आपटून जो प्रकाश मागे येतो तो सरळ डोळ्यांत येतो. म्हणून तर गाडीचे फॉग लॅम्प खाली बंपरपाशी असतात, आणि घाटात धुकं असताना ड्रायव्हर काका अप्पर न मारता डिप्परवर गाडी चालवतात. आपण मात्र दिवा नेमका डोळ्यांपाशी बांधतो आणि अप्पर मारतो. त्याचं दुसरं नुकसान त्याहून मोठं आहे. दगड उंच आहे की खोल, हे आपल्याला सावलीवरून कळतं. दिवा डोळ्यांच्या जवळ असला की सावली दगडाच्या बरोबर मागे पडते, जिथे आपल्याला दिसत नाही. सगळं पांढरं आणि सपाट. आमच्या ज्युनिअरची ती 'सपाट' जागा अशी तयार झाली होती. मामांचा टॉर्च गुडघ्यापाशी होता, त्यामुळे त्यांना प्रत्येक गोट्याची लांब सावली दिसत होती. ते त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नसेल. आम्ही मात्र ऑप्टिक्समध्ये चांगले मार्क घेऊन त्यांच्या टॉर्चला हसत होतो.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. काळोखात डोळ्यांना पूर्ण सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, आणि एका झगझगीत झोताने ते सगळं पुसलं जातं. बारा जणींच्या रांगेत प्रत्येक वळणाला कुणीतरी कुणाचे तरी डोळे पुसत होतं. चांगल्या हेडलॅम्पमध्ये लाल लाईट देतात तो फॅशन म्हणून नाही. मंद लाल प्रकाशाने काळोखाला सरावलेले डोळे फारसे बिघडत नाहीत. टेंटमध्ये काही शोधायला, घड्याळ बघायला तो पुरतो. (मे-जूनमध्ये काजवे बघायला भंडारदऱ्याकडे जाणाऱ्यांनी तर पांढरा दिवा शक्यतो पिशवीतच ठेवावा. काजवे एकमेकांना प्रकाशानेच खुणा करतात. तिथे दहा हजारी सूर्य नेणं म्हणजे दोघांच्या गप्पांत डीजे लावणं.)

हे सगळं मी कँटीनमध्ये सांगत होते तेव्हा माझ्या वर्गातला एक हुशार मित्र म्हणाला, "अगं पण जास्त असेल तर कमी करता येतं. कमी असेल तर जास्त कुठून आणणार?" मुद्दा बिनतोड आहे. दिवसभर मला उत्तर सुचलं नाही. मग उत्तर वहीतच सापडलं. आमच्या दिव्याचा 'कमी' मोड मी मोजला होता, तो १२० लुमेन होता. म्हणजे त्याला कमी येतच नव्हतं. ज्याला खरंच दहा-पंधरा लुमेनपर्यंत खाली उतरता येतं आणि गरजेला तीनशेपर्यंत चढता येतं, असा दिवा असेल तर मित्राचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण मग विकत घेताना वरचा आकडा नाही, खालचा विचारला पाहिजे. कोटेशनमध्ये खालचा आकडा कुणी विचारतं का?

आणि ज्यांना वाटतं ब्रँडेड घेतलं की प्रश्न संपला, त्यांच्यासाठी थोडं कडू. प्रामाणिक बॉक्ससुद्धा नीट वाचावा लागतो. टॉर्च आणि हेडलॅम्पसाठी एफएल-१ नावाचं एक अमेरिकन स्टँडर्ड आहे, २००९ पासूनचं. ते पाळणाऱ्या कंपन्या बॉक्सवर छोट्या चित्रांत लुमेन, अंतर आणि तास देतात. लुमेन मोजायचे दिवा लावल्यावर अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांच्या आत. तास मोजायचे प्रकाश सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे ४०० लुमेन आणि ४ तास लिहिलं असेल, तर चौथ्या तासाच्या शेवटी ४० लुमेन उरले तरी कंपनी खोटं बोलली असं होत नाही. शिवाय पुष्कळदा मोठा लुमेनचा आकडा एका मोडचा आणि मोठा तासांचा आकडा दुसऱ्याच मोडचा असतो. आपल्याकडे रिझल्टच्या जाहिरातीत टॉपर एका ब्रांचचा आणि प्लेसमेंट दुसऱ्या ब्रांचची देतात, तसं. अंतराचं तर अजून गमतीदार आहे. '१०० मीटर' म्हणजे शंभर मीटरवर ०.२५ लक्स, म्हणजे जवळजवळ पौर्णिमेच्या चांदण्याइतका प्रकाश. तिथे काहीतरी उभं आहे एवढं कळेल. ते झाड आहे की रेक्टर मॅडम, हे कळणार नाही. आणि अंतर दुप्पट हवं तर झोताची तीव्रता चौपट लागते, म्हणून अंतराच्या मागे धावणं सगळ्यात महाग.

तर मग बघायचं काय? माझं मत : प्रकाश किती जोरात सुरू होतो यापेक्षा तो किती वेळ तसाच राहतो, हे बघा. ट्रंक रूममध्ये आम्ही आणखी दोन दिवे मोजले. एक सिनिअरचा जुना, तीन पेन्सिल सेलपेक्षा छोट्या ट्रिपल-ए सेलवर चालणारा, २०० लुमेन छापलेला. तो १८० ने सुरू झाला आणि उतरत उतरत तीन तासांनी ४० वर आला, पण पुढे रात्रभर मिणमिणत राहिला. त्याने दगा दिला नाही, म्हातारा झाला इतकंच. दुसरा साडेतीन पट किमतीचा तो ४०० लुमेनवाला, एका सरांकडून उसना आणलेला. जोराच्या मोडवर तो ३७० ने सुरू होऊन काही मिनिटांत स्वतःच २०० पर्यंत खाली आला. आधी मला वाटलं, हाही फसवा. पण तापू नये म्हणून त्याची तशी रचनाच आहे, आणि ते माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय. मधल्या मोडवर त्याने १०० लुमेन दिले आणि चार तासांपेक्षा जास्त वेळ तेवढेच दिले. कागदावर काढलेली ती रेघ पट्टीने ओढल्यासारखी होती. आतलं सर्किट सेलचा व्होल्टेज उतरला तरी एलईडीचा करंट तोच ठेवतं, त्याची ही करामत. शेवटी दोन-तीनदा डोळे मिचकावून त्याने सांगितलं की आता मी थकलो, आणि मग मंद झाला. बंद पडला नाही. माझ्या लेखी त्याची सगळी किंमत त्या डोळे मिचकावण्यात वसूल आहे.

मळलेल्या वाटेवर चालायला ५० ते १०० लुमेन भरपूर होतात. वाट चुकल्यावर, खूण शोधायला दोनशे-तीनशे दोन मिनिटांपुरते. स्वयंपाकाला, वाचायला पाच-दहा. हे मी आता छतावर, मैदानामागच्या टेकडीवर आणि एकदा हॉस्टेलची लाईट गेली तेव्हा सबमिशन पूर्ण करताना स्वतः करून पाहिलंय.

बाकी ज्या गोष्टी बॉक्सवर नसतात त्या हातात घेतल्याशिवाय कळत नाहीत. दिवा खाली वाकवता येतो का, आणि वाकवल्यावर तिथेच राहतो का? आमचा दर पावलाला मान वर करत होता. पट्टा तेल लावलेल्या केसांवरून घसरतो का? मुलांना हा प्रश्न पडणार नाही, पण वेणीवर तो टिकत नाही हे आम्हाला शिडीवर कळलं. मागच्या डबीपासून पुढे येणारी वायर कशात अडकते का? बटण ओल्या हाताने सापडतं का, बंद करण्यासाठी लुकलुकीतून जावं लागतं का? पिशवीत आपोआप दाबलं जाऊ नये म्हणून लॉक आहे का? पट्ट्यातून सुटा करून हातात धरता येत असेल तर सोन्याहून पिवळं, कारण धुक्यात तोच उपाय आहे. पावसाचं म्हणाल तर आयपीएक्स-४ म्हणजे चारी बाजूंनी उडणारं पाणी सोसतो, आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालतो. आपल्याला ४ पुरतो, अगदी भर पावसाळ्यात जाणार असाल तर ७ घ्या. चार्जिंगचा की सुट्या सेलचा, यावर भांडणं होतात. मला वाटतं एका रात्रीसाठी चार्जिंगचा बरा, पण गटात दोन-तीन तरी सुट्या सेलचे हवेत. बारीच्या दुकानात सेल मिळतो, चार्ज झालेली बॅटरी मिळत नाही.

आणि मोबाईल? रेक्टर मॅडमचं बरोबर होतं. शिडीवर दोन्ही हात लागतात. शिवाय पाय मुरगळल्यावर फोन करायला बॅटरी शिल्लक लागते.

थोडं स्टाफबद्दलही लिहिते, कारण हे पान तेही वाचतात. गेल्या महिन्यात आमच्या मजल्यावरची एमसीबी ट्रिप झाली तेव्हा वायरमन काका मोबाईल दातात धरून पॅनल उघडत होते. दोन्ही हात चालू पॅनलमध्ये, तोंडात मोबाईल, आणि वीसेक भावी इलेक्ट्रिकल इंजिनिअर मुली मागे उभ्या राहून 'काका लवकर' म्हणताहेत. लाज वाटली. जिमखान्याच्या वीस नगांत दोन नग त्यांच्यासाठी आणि रात्रीच्या वॉचमन काकांसाठी वाढवले तर बजेट कोसळणार नाही. त्यांना तर धुक्याचा प्रश्नही नाही. वायरचा रंग नीट ओळखू येईल असा, फार निळसर नसलेला पांढरा प्रकाश त्यांना हवा. स्वस्त एलईडीच्या निळसर उजेडात तपकिरी आणि लाल वायर मला तरी सारख्याच दिसल्या.

जिमखाना सेक्रेटरींना मी लेखी दिलंय, की 'कमीत कमी ५,००० लुमेन' ही ओळ काढून टाका. त्याऐवजी लिहा : १०० लुमेनवर कमीत कमी चार तास सारखा प्रकाश, सगळ्यात खालचा मोड १५ लुमेनच्या आत, लाल लाईट, खाली वाकणारा, आयपीएक्स-४. आणि ऑर्डर देण्याआधी प्रत्येक पुरवठादाराकडून एक नमुना. बजेटमध्ये वीसऐवजी बाराच बसले तर बारा घ्या, आम्ही आळीपाळीने वापरू. त्यांचं म्हणणं, "नमुना तपासणार कोण? स्टोअर्सवाले तर बॉक्सवरचाच आकडा लिहून घेणार."

आम्ही तपासू ना. सरांनी लक्समीटर पुन्हा द्यायचं कबूल केलंय. येत्या शनिवारी रात्री साडेनऊला ट्रंक रूममध्ये बैठक आहे. मुलांच्या हॉस्टेलमधल्यांनी आपापले दिवे पूर्ण चार्ज करून संध्याकाळी सातच्या आत आमच्या वॉचमन काकांकडे द्यावेत, वर चिठ्ठीवर नाव आणि बॉक्सवरचा आकडा लिहून. रीडिंग नोटीस बोर्डावर लावू. पहिला दिवा माझाच, तो दहा हजारवाला. ज्युनिअर म्हणालीये की त्याचं बटण ती दाबणार.